खडा कोणी केला?

मुतखड्याचा पेशंट सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन समोर बसला की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. "डॉक्टर, हा आला कुठून? टोमॅटो खातो म्हणून?" आणि लगेच दुसरा, "आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. त्याचा क्षार साठला का?" गिझरच्या कॉइलवर, बाथरूमच्या नळावर, बादलीच्या कडेला पांढरा थर बसलेला आपण रोज पाहतो. तसाच थर किडनीत साचत असणार, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

आज याच समजुतीबद्दल लिहायचं आहे. त्यासाठी मात्र तुम्हाला थोडं लांब यावं लागेल, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या गुहांपर्यंत. या गुहांबद्दल मी वाचायला लागले ती माझ्या वडिलांच्या एका प्रश्नामुळे.

नळीच्या टोकाचा चुना

अण्णा बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. बोलणं शाबूत राहिलं, पण डावी बाजू गेली आणि लघवी आपली आपण होईना. युरॉलॉजिस्टशी बोलून शेवटी कायमची लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, ठेवावा लागला. महिन्याकाठी नळी बदलायची, पिशवी खालच्या पातळीवर ठेवायची, हे सगळं आईला आणि त्यांना सांभाळायला येणाऱ्या मामांना मी शिकवलं होतं. पहिले काही महिने ठीक गेले.

मग नळी आठव्या-दहाव्या दिवशीच तुंबायला लागली. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. ओटीपोट दगडासारखं कडक होतं, पेशंटला घाम फुटतो, तो तळमळतो, नळीच्या बाजूने लघवी झिरपते आणि पिशवी मात्र कोरडी राहते. आईचा फोन बहुधा रात्रीच यायचा. मी जाऊन नळी बदलायचे. काढलेल्या नळीच्या टोकावर करड्या-पांढऱ्या रंगाचं खरखरीत कवच असायचं, आतलं भोक त्याने पार बुजलेलं. बोटांत चुरडलं तर वाळूसारखं लागायचं.

एकदा अण्णांनी ती नळी मागून घेतली. चष्मा लावून पाहिली, नखाने खरवडली. म्हणाले, "हा चुना आहे." आयुष्यभर चुना-सिमेंट हाताळलेला माणूस होता तो. मग थोडं थांबून विचारलं, "पण मला एक सांग. पाणी आपण सगळे एकच पितो. मग माझ्याच नळीत का?"

प्रश्न अचूक होता. पाण्यातला क्षार हेच कारण असतं, तर त्याच घरात, त्याच हंड्यातलं पाणी पिणाऱ्या आईलाही काही व्हायला हवं होतं.

जिवाशिवाय बनणारा दगड

आधी साधा प्रकार पाहू. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी चुनखडीच्या खडकातून गेलं की थोडा खडक त्यात विरघळतो. हेच पाणी गुहेच्या मोकळ्या हवेत आलं की सोड्याची बाटली उघडल्यावर गॅस निघून जातो तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पाण्याची आम्लता कमी होते, विरघळलेलं कॅल्शियम विरघळून राहू शकत नाही आणि कॅल्शियम कार्बोनेट म्हणून बाहेर पडतं. छतावरून पडणाऱ्या थेंबाथेंबाने असे लवणस्तंभ वाढतात. आंध्रातल्या बोरा गुहा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते आठवत असतील. आपल्या अजिंठा-वेरूळच्या लेण्यांत असे स्तंभ दिसत नाहीत, कारण ती बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत. विरघळायला तिथे चुनखडी नाही.

गिझरमधला थरही याच जातीचा. तिथे गॅस उष्णतेमुळे निघून जातो, इतकंच. या सगळ्यात कुठल्याही सजीवाची गरज नाही. रसायनशास्त्र आपलं काम एकटं करतं.

पाण्याखाली लोंबणारी बोटं

आता न्यू मेक्सिकोकडे येऊ. तिथल्या ग्वाडालूप पर्वतात कार्ल्सबॅडची प्रसिद्ध गुहा आहे आणि तिच्या जवळच लेचुगिया नावाची दुसरी. लेचुगियाचा आतला भाग १९८६ मध्ये काही गुहाशोधकांनी ढिगारा उपसून मोकळा केला, तोवर तो माणसाने पाहिलेला नव्हता. आज या गुहेची २४० किलोमीटरहून जास्त लांबी मोजून झाली आहे. पर्यटकांना तिथे प्रवेश नाही. मोजक्या शोधकांना आणि शास्त्रज्ञांना परवानगी मिळते.

या गुहांमधल्या तळ्यांत, आणि आता आटून गेलेल्या तळ्यांच्या जागी, दगडाचे एक विचित्र आकार सापडतात. काठाखालून बोटांसारखे दगड लोंबत असतात. काही बोटाएवढे जाड, काही वीतभर आणि त्याहूनही लांब. त्यांचं इंग्रजी नावच 'पूल फिंगर्स' आहे, म्हणजे तळ्यातली बोटं. काही ठिकाणी दोन बोटांच्या मध्ये पाळण्याच्या दोरीसारखी झोळ पडलेली दगडी कमान असते, तर काही ठिकाणी पातळ पडद्यासारखं दगडी जाळं.

कोडं असं, की हे आकार पाण्याच्या आत तयार झालेले आहेत. हवेत लोंबणारा स्तंभ समजू शकतो. थेंब खाली ओघळतो, त्या दिशेने दगड वाढतो. पाण्यात थेंब कुठला ओघळणार? मग दगड खालच्या दिशेनेच का वाढला? आणि दोन बोटांमधली ती दोरी कोणी बांधली?

शास्त्रज्ञांना सुचलेलं उत्तर डॉक्टरला चटकन पटेल असं आहे: दगडाच्या आधी तिथे दुसरं काहीतरी लोंबत असावं. जिवाणू एकटे-दुकटे क्वचितच राहतात. ते एकत्र येऊन चिकट पदार्थ सोडतात आणि त्या बुळबुळीत थरात वस्ती करतात. याला बायोफिल्म म्हणतात. मेक्सिकोतल्या व्हिया लूझ नावाच्या गुहेत छतावरून असे जिवंत थर अक्षरशः शेंबडासारखे लोंबतात. त्यांचं शास्त्रीय वाङ्मयातलं नावही शेंबडावरूनच पडलं आहे. असाच एखादा चिकट धागा शांत पाण्यात लोंबत असेल आणि त्यावर चुना बसत गेला असेल, तर बोटाचा आकारही समजतो आणि दोरीचा झोळही.

जिवाणू इथे दोन तऱ्हांनी मदत करू शकतात. एक, त्यांच्या जगण्यातून आजूबाजूच्या पाण्याची आम्लता बदलते. दोन, त्यांच्या चिकट थरावर ऋण विद्युतभार असतो. तो कॅल्शियमला धरून ठेवतो आणि पहिला स्फटिक जमायला जागा देतो.

पुरावा काय?

आकार सारखा दिसतो एवढ्यावर निष्कर्ष काढायचा नसतो. लेस्ली मेलिम, डायना नॉर्थप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पर्वतातल्या हिडन केव्ह या गुहेतली बोटं अभ्यासली आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बोट आडवं कापलं तर आत दोन प्रकारचे थर एकाआड एक दिसतात: अतिशय बारीक दाण्यांचे गढूळ थर आणि स्वच्छ पारदर्शक स्फटिकांचे थर. सौम्य आम्लाने पृष्ठभाग किंचित खाऊन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं तेव्हा जिवाणूंच्या आकाराचे दगड झालेले धागे आणि काड्या दिसल्या, आणि त्या मुख्यतः बारीक दाण्यांच्या थरांत होत्या. म्हणजे एकाच बोटात काही काळ जिवाणूंचा हातभार लागला आणि काही काळ नुसत्या रसायनाने काम केलं, असं चित्र दिसतं.

तरी एक शंका राहतेच आणि ती हे शास्त्रज्ञही नेहमी मांडतात. दगडात जिवाणू सापडला म्हणजे दगड त्यानेच केला असं होत नाही. तो तिथे नुसता राहत असेल आणि वाढत्या दगडात गाडला गेला असेल. घटनास्थळी सापडलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. म्हणून आकार, थर, रसायन आणि प्रत्यक्ष जिवाणूंचे अवशेष असे वेगवेगळे पुरावे एका दिशेला बोट दाखवतात का, ते पाहावं लागतं.

हाच प्रश्न शरीरात

गुहेतलं बोट कोणी केलं, याने कुणाचं आयुष्य बदलत नाही. शरीरातला खडा कोणी केला, याने मात्र उपचार बदलतो.

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. त्यांत मुख्य कारण असतं कमी पाणी, जास्त मीठ आणि काहींची शरीराची घडण. पण शंभरातले साधारण १० ते १५ खडे वेगळ्या जातीचे, इन्फेक्शनचे असतात. ते मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचे बनलेले असतात, ज्याला स्ट्रुव्हाइट म्हणतात. सोबत कॅल्शियम फॉस्फेटही असतं. हे खडे जिवाणूंशिवाय तयार होत नाहीत.

प्रोटिअस आणि त्याच्यासारख्या काही जिवाणूंकडे युरिएज नावाचं एन्झाइम असतं. लघवीत युरिया भरपूर असतो. युरिएज त्याचे तुकडे करून अमोनिया बनवतं. अमोनियामुळे लघवीची आम्लता जाते, ती अल्कलीधर्मी होते, आणि एरवी विरघळून राहणारं मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि फॉस्फेट दगड होऊन बाहेर पडतं. ते बसतं कुठे? जिवाणूंनी आधीच अंथरून ठेवलेल्या चिकट थरावर. मातीतला स्पोरोसार्सिना नावाचा जिवाणू हेच एन्झाइम वापरून वाळूचे कण चुन्याने जोडतो, आणि त्यापासून जिवाणूंचं सिमेंट बनवण्याचे प्रयोग चालू आहेत. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ हसत होते. "म्हणजे गवंडी आत बसलाय," म्हणाले.

त्यांच्या लघवीचा पीएच ८.५ निघाला, एरवी तो साधारण ६ च्या आसपास असतो. कल्चरमध्ये प्रोटिअस. सोनोग्राफीत मूत्राशयात दोन खडे. युरॉलॉजिस्टने दुर्बिणीतून ते फोडून पूर्ण काढले आणि तपासणीला पाठवले. स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम फॉस्फेट. अण्णांचा चुना निम्मा बरोबर ठरला: कॅल्शियम होतं, पण कार्बोनेटऐवजी फॉस्फेट.

खडे निघाल्यावर नळी तुंबण्यातलं अंतर वाढलं, तीन-चार आठवडे सहज जाऊ लागले. त्रास संपला नाही, पण आईला सलग झोप मिळू लागली. त्या घरात ती गोष्ट फार मोठी होती.

खडे काढावे का लागले, नुसत्या गोळ्यांनी का भागलं नाही? कारण या खड्यांत जिवाणू आत गाडलेले, पण जिवंत असतात. गुहेतल्या बोटात ते दगड झाले, इथे ते दगडाच्या आत राहतात. अँटिबायोटिक तिथवर नीट पोचत नाही. औषध चालू असेतो लघवी स्वच्छ दिसते, थांबलं की खड्यातून जिवाणू परत बाहेर येतात. एखादा तुकडा मागे राहिला तर त्याच्याभोवती पुन्हा खडा वाढतो. किडनीत हाच खडा सांबराच्या शिंगासारखा फांद्या फुटून वाढू शकतो, फारसं दुखत नाही, आणि हळूहळू किडनी निकामी करू शकतो. म्हणून "दुखत नाही ना, मग राहू द्या" हे या खड्याला लागू नाही.

उलटही खरं आहे. ऑक्झलेटचा खडा असलेल्या माणसाला ई. कोलायचं इन्फेक्शन होऊ शकतं, पण ई. कोलाय सहसा युरिएज बनवत नाही. तो तिथे सापडला म्हणून खडा त्याने केला असं नाही. म्हणूनच खडा पडला किंवा काढला तर तो फेकू नका, तपासणीला द्या.

तळ्यातली नळी

लेचुगियाबद्दल वाचताना एका अभ्यासाशी मी थबकले. तिथे आत दिवसेंदिवस मुक्काम करणाऱ्या शोधकांना पिण्यासाठी गुहेतल्याच काही तळ्यांचं पाणी वापरावं लागतं. त्यांतल्या काही तळ्यांत माणसांबरोबर आलेले कोलिफॉर्म जिवाणू सापडले आणि ते जाता जाईनात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की पाणी काढण्यासाठी तळ्यात ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या नळीवर बायोफिल्म वाढली होती आणि बाहेरून आलेल्या जिवाणूंना तिच्यात आसरा मिळत होता.

इतक्या जपलेल्या गुहेत जे झालं तेच आमच्या घरात होत होतं. ओलसर जागी प्लॅस्टिकची नळी ठेवली की जिवाणू तिच्यावर बिऱ्हाड करणारच. यात घरच्यांच्या स्वच्छतेचा दोष नसतो. आईला ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण प्रत्येक वेळी नळी तुंबली की ती स्वतःलाच बोल लावायची.

याच गुहेने आणखी एक गोष्ट शिकवली. २०१२ मध्ये लेचुगियाच्या अगदी दुर्गम भागातल्या ९३ जिवाणूंची तपासणी प्रसिद्ध झाली. हा भाग ४० लाखांहून जास्त वर्षं बाहेरच्या जगापासून तुटलेला मानला जातो, तरी तिथले काही जिवाणू १४ अँटिबायोटिक्सना दाद देत नव्हते. माणसाने औषधं शोधण्याच्या कितीतरी आधीपासून ही कला जिवाणूंकडे आहे. आपण गरज नसताना औषधं घेतो तेव्हा हीच कला येणाऱ्या जिवाणूंची निवड करतो आणि त्यांची वस्ती वाढवतो.

घरी एवढं लक्षात ठेवा

- कायमची नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जिवाणू सापडतात. ताप, थंडी, कंबरेच्या बाजूला किंवा ओटीपोटात नव्याने दुखणं, अचानक भ्रमिष्टपणा असं काही नसेल, तर नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक सुरू करू नका. अण्णांच्या बाबतीत नातेवाइकांचा आग्रह मोडून मी हेच पाळलं.
- नळी पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर नुसती बदलत राहू नका. लघवीचा पीएच, कल्चर आणि मूत्राशयाची सोनोग्राफी करून घ्या.
- पिशवी कोरडी आणि ओटीपोट फुगलेलं असेल तर सकाळची वाट पाहू नका, लगेच नळी बदलून घ्या. ताप आणि थंडी वाजत असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.
- लघवीच्या जळजळीसाठी दुकानातून मिळणारी, लघवी अल्कलीधर्मी करणारी औषधं आपल्या मनाने घेऊ नका. युरिक ॲसिडच्या खड्याला त्यांचा उपयोग होतो, पण इन्फेक्शनच्या खड्यात लघवी आधीच गरजेपेक्षा जास्त अल्कलीधर्मी असते.
- पाणी पुरेसं प्या. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.
- बोअरचं पाणी जड आहे म्हणून पाणीच कमी पिणं, हा खड्याला दिलेला सर्वांत मोठा हातभार आहे.

अण्णा आणखी दोन वर्षं होते. शेवटपर्यंत त्यांची नळी बदलताना ते टोक मागून बघायचे आणि "गवंडी सुट्टीवर आहे" किंवा "कामावर आलाय" असा रिपोर्ट द्यायचे. बहुतेक वेळा तो बरोबर असायचा.

तेव्हा पुढच्या वेळी खडा निघाला की "मोठा आहे का, पडेल का" याबरोबर डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारा: हा खडा नुसत्या क्षाराचा आहे की इन्फेक्शनचा? पुढचे सगळे उपचार या उत्तरावर अवलंबून आहेत.